बॅकलिंक विकत घ्यावी का? पैसे देण्याआधीचा पूर्ण हिशेब

धरमपेठेतला कोचिंग क्लास असो, इतवारीतलं मसाल्याचं दुकान असो की पेंचच्या वाटेवरचा होमस्टे, वेबसाइट सुरू झाली की थोड्याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज येतोच. ‘सर, तुमच्या साइटला बॅकलिंक फार कमी आहेत. डीए पन्नासच्या वरच्या साइटवरून डू-फॉलो लिंक देतो. दहा घेतल्या तर वेगळा रेट लावू.’ सोबत शे-दोनशे साइटची एक्सेल शीट. बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारी लिंक, डीए म्हणजे साइटचं वजन सांगणारा एका खासगी कंपनीचा आकडा, आणि डू-फॉलो म्हणजे ‘हिशेबात धरू नका’ अशी खूण नसलेली लिंक. मालक ती शीट वेबसाइट बनवणाऱ्या पोराला पाठवतो, पोरगा म्हणतो ‘घेऊन पाहू’, आणि दिवाळीच्या जाहिरातीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून काही हजार तिकडे जातात. त्यातून काय मिळालं, हे पुढे कोणी विचारत नाही.

हा लेख त्या दोघांसाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. गूगलला दाखवण्यासाठी लिंक विकत घेऊ नका. माणसं आपल्या साइटवर यावीत म्हणून घेत असाल तर खुशाल घ्या, पण ती जाहिरात आहे हे उघड सांगून घ्या. विकणारा या दोन गोष्टींची सरमिसळ करतो आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्या वेगळ्या कशा करायच्या, शीट कशी तपासायची, हिशेब कसा मांडायचा आणि आधीच लिंक घेऊन बसला असाल तर काय करायचं, हे खाली क्रमाने लिहितो.

लिंकला भाव कशामुळे आला

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना पेजरँकची पद्धत मांडली, त्यांचा गूगलवरचा निबंध १९९८चा. एखाद्या पानाला किती पानांनी लिंक दिली आहे आणि ती लिंक देणारी पानं स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्या पानाचं महत्त्व ठरवायचं, हा त्यातला गाभा. लिंकला वजन आलं, की तिला भावही येणारच. तो आला आणि बाजार उभा राहिला.

या बाजाराचं काय होतं, हे २०११च्या फेब्रुवारीत जगाने पाहिलं. अमेरिकेतली जेसी पेनी ही मोठी दुकानसाखळी कपड्यांपासून फर्निचरपर्यंत असंख्य शोधांमध्ये पहिल्या नंबरवर दिसत होती. न्यूयॉर्क टाइम्सने शोध घेतला, तेव्हा त्यामागे भलत्याच साइटवर पेरलेल्या हजारो लिंक निघाल्या. गूगलने कारवाई केली आणि बॅगांच्या एका शोधात ही कंपनी दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१व्या क्रमांकावर गेली. आपण याला परवानगी दिलीच नव्हती, असं कंपनीने सांगितलं आणि एसईओचं, म्हणजे शोधात साइट वर आणण्याचं, काम करणाऱ्या संस्थेला काढून टाकलं. रँक मात्र कंपनीचीच गेली. काम बाहेर दिलं म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही, हे आपल्याकडच्या मालकांनी यातून घ्यावं.

पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१२ला, गूगलच्या क्रम लावण्याच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल आला आणि लिंकच्या जोरावर वर चढलेल्या साइट खाली आल्या. गूगलने स्वतःलाही सोडलं नाही. पैसे देऊन लिहून घेतलेल्या लेखांमध्ये लिंक सापडली म्हणून जानेवारी २०१२मध्ये क्रोम ब्राउझरचं स्वतःचंच पान त्यांनी निकालात खाली ढकललं होतं.

आज दंडापेक्षा मोठा धोका कोणता

विक्रेता म्हणेल, ‘भाऊ, इतक्या वर्षांत आमच्या एकाही क्लायंटला पेनल्टी नाही लागली.’ ते खरं असू शकतं, आणि म्हणूनच त्याकडे नीट बघायला हवं.

सप्टेंबर २०१६मध्ये पेंग्विन गूगलच्या मूळ यंत्रणेचा भाग झाला. तेव्हापासून संशयास्पद लिंक दिसली, की साइटला खाली ओढण्याऐवजी ती लिंक हिशेबातच न धरण्याकडे त्याचा कल आहे. डिसेंबर २०२२मध्ये स्पॅमब्रेन ही यंत्रणाही लिंकच्या कामाला लावली गेली. ती लिंक विकत घेणाऱ्या साइट ओळखते आणि निव्वळ लिंक विकण्यासाठी चालवलेल्या साइटही ओळखते. गूगलने स्पष्ट लिहिलं आहे, की अशा लिंकमधून मिळालेला फायदा गेला की तो परत मिळवता येत नाही.

याचा अर्थ, बहुतेक वेळा तुम्हाला दंड लागणार नाही. काहीच होणार नाही. लिंक दिसत राहील, विक्रेत्याचा रिपोर्ट हिरवा येईल, डीए दोन आकड्यांनी वाढेल आणि गूगलच्या लेखी त्या लिंकचं मोल शून्य असेल. नोटीस येत नाही, म्हणून पैसे वाया गेले हे कळतही नाही. आपण समजतो, की अजून लिंक कमी पडतायत, आणि दुसरं पॅकेज घेतो. नागपुरातल्या लहान धंद्यांचे सगळ्यात जास्त पैसे याच वाटेने जाताना मला दिसतात.

दुसरा धोका उशिरा कळतो. कधी कधी विकतच्या लिंकने रँक खरंच वर जाते. हे नाकारण्यात अर्थ नाही, त्याशिवाय हा बाजार चाललाच नसता. पण त्या रँकच्या भरवशावर मालक गोदाम घेतो, दोन माणसं वाढवतो, हंगामाचा माल आधीच भरून ठेवतो. मग एखाद्या अपडेटमध्ये त्या लिंक हिशेबातून निघतात आणि ऑर्डर आटतात. दंड कुठेच नसतो, पण भाडं आणि पगार चालू असतात.

तिसरा धोका मॅन्युअल अ‍ॅक्शनचा, म्हणजे गूगलच्या माणसाने साइट पाहून केलेली कारवाई. हे तुलनेने कमी होतं. झालं तर मात्र काही पानं किंवा आख्खी साइट निकालातून खाली जाते किंवा गायब होते, आणि बाहेर यायला वेळ लागतो.

नियम नेमका काय सांगतो

लिंक विकत घेणं हा कायद्याने गुन्हा नाही. गूगलच्या स्पॅम धोरणात मात्र रँक वाढवण्यासाठी लिंक विकणं किंवा घेणं स्पष्टपणे बसत नाही. ‘पैसे’ म्हणजे फक्त रोख नव्हे. वस्तू देऊन, सेवा देऊन किंवा फुकट माल पाठवून ‘लिहा आणि लिंक द्या’ म्हणणंही त्यातच येतं. ताडोब्याच्या एखाद्या रिसॉर्टने ट्रॅव्हल ब्लॉगरला दोन रात्री फुकट ठेवलं, सफारी घडवली आणि बदल्यात लिंक ठरवून घेतली, तर तो पैसे देऊन घेतलेल्या लिंकसारखाच व्यवहार झाला. इकडच्या पर्यटन व्यवसायात हे इतकं सर्रास चालतं, की त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटतच नाही.

यातून सरळ वाट आहे. लिंकच्या कोडमध्ये ‘रेल’ (rel) नावाची एक खूण असते. २००५मध्ये ‘नोफॉलो’ आलं. सप्टेंबर २०१९मध्ये गूगलने त्यात ‘स्पॉन्सर्ड’ आणि ‘यूजीसी’ यांची भर घातली. पहिली खूण जाहिरातीच्या लिंकसाठी, दुसरी वाचकांनी टाकलेल्या मजकुरातल्या लिंकसाठी. पैसे देऊन घेतलेल्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ लावलं, की गूगलची हरकत राहत नाही. ती जाहिरात होते, आणि जाहिरात करायला कोणीच मनाई केलेली नाही.

वृत्तपत्राची साइट असली म्हणजे सगळं माफ, हा समजही सोडून द्या. फेब्रुवारी २०१३मध्ये ब्रिटनच्या इंटरफ्लोरा या फुलं पोचवणाऱ्या कंपनीची रँक एकाएकी कोसळली. तिथल्या प्रादेशिक वृत्तपत्रांमध्ये छापून आणलेल्या जाहिरातवजा लेखांमधल्या लिंक त्याला कारण ठरल्या. आता तर नियम आणखी कडक आहेत. नावाजलेल्या साइटच्या पुण्याईवर बाहेरच्यांचा मजकूर वर आणणं हे मार्च २०२४मध्ये जाहीर झालेल्या धोरणात स्वतंत्रपणे नोंदवलं आहे. बंद पडलेलं जुनं डोमेन घेऊन त्याच्या नावावर भलताच मजकूर चालवणं, हेही त्यातच.

आपल्याकडच्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जून २०२२मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत. कौतुक करणाऱ्याचा धंद्याशी आर्थिक संबंध असेल आणि त्याने वाचकाच्या मतावर फरक पडणार असेल, तर तो संबंध उघड करायला हवा, असं ती सांगतात. म्हणजे पैसे घेऊन लिहिलेल्या लेखावर तसं लिहिणं फक्त गूगलसाठी नाही, वाचकासाठीही आहे.

पहिली पायरी: लिंकच कमी आहेत का, ते बघा

लिंक घ्यायच्या चर्चेआधी अर्धा तास काढून सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते हे दाखवणारं गूगलचं टूल, उघडा. पानं इंडेक्स झाली आहेत का, म्हणजे गूगलच्या यादीत आली आहेत का? कोणत्या शब्दांवर साइट दिसते? दिसते पण क्लिक होत नाही, की दिसतच नाही? अनेक साइटचं दुखणं इथेच सापडतं. इंडेक्स न झालेल्या पानाला शंभर लिंक देऊन उपयोग नाही. आणि ज्या सेवेसाठी ग्राहक शोधतोय त्या सेवेचं स्वतंत्र पानच नसेल, तर लिंक जाणार कुठे?

मग स्वतःला विचारा, माझा ग्राहक कुठे आहे? वर्धमाननगरच्या दंतवैद्याला पुण्याचा पेशंट नको असतो. त्याचा पेशंट मोबाइलवर शोधतो आणि नकाशासकट येणाऱ्या तीन नावांतून निवडतो. हे निकाल कसे लागतात, ते गूगलने स्वतः सांगितलं आहे: शोधाशी जुळणी, अंतर आणि व्यवसायाची ख्याती. ख्यातीत लिंकचा वाटा आहे, पण रिव्ह्यूंचाही आहे. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर वेळा चुकीच्या, फोटो जुने, पत्ता अर्धवट, रिव्ह्यूला उत्तर नाही, अशी अवस्था असेल, तर बॅकलिंकवर एक रुपयाही घालू नका. आधी हे नीट करा, ते फुकट आहे.

ज्यांचा ग्राहक शहराबाहेर आहे त्यांची गोष्ट वेगळी. पुण्या-मुंबईला संत्र्याच्या पेट्या पाठवणारा, बुटीबोरीत मशीनचे सुटे भाग बनवून देशभर विकणारा, ताडोब्याची पॅकेजं देणारा, यांना सगळ्या महाराष्ट्राशी किंवा देशाशी स्पर्धा करावी लागते. तिथे लिंकचं वजन खरंच जाणवतं.

अशांनी आपल्या मुख्य शोधात वर येणाऱ्या पाच साइट घ्याव्यात आणि एखाद्या बॅकलिंक तपासणाऱ्या टूलमध्ये त्यांना कुठून लिंक आहेत ते पाहावं. फुकट आवृत्तीत थोडंच दिसतं, पण अंदाजाला तेवढं पुरतं. वर सगळी मोठी बुकिंग पोर्टलं असतील, तर दहा-वीस लिंकने तुम्ही त्यांना मागे टाकणार नाही. त्याऐवजी पोर्टलं ज्याला उत्तर देत नाहीत असा बारीक शोध निवडा. ‘ताडोबा रिसॉर्ट’वर हमरीतुमरी करण्यापेक्षा ‘नागपूरहून कोलारा गेटला किती वाजता निघावं’ यावर चांगलं पान लिहिलं, तर ते विना लिंकचंही वर येऊ शकतं.

दुसरी पायरी: शीट उघडून एक ओळ तपासा

कळमन्याच्या बाजारात वरचा थर बघून कोणी संत्र्याची पेटी घेत नाही, खालपर्यंत हात घालतात. शीटलाही तसाच हात घालायचा.

शीटमध्ये साधारण हे रकाने असतात: साइटचं नाव, डीए, डीआर, ट्रॅफिक, विषय, दर, डू-फॉलो आहे की नाही. यातले डीए आणि डीआर आधी बाजूला ठेवा. डीए हा मॉझ कंपनीचा आकडा, डीआर हा एएचरेफ्सचा. दोन्ही शंभरपैकी, आणि दोन्ही गूगलचे नाहीत. शिवाय ते लिंकवरूनच काढलेले असल्यामुळे स्वस्त लिंक भरून फुगवताही येतात. ‘डीए साठ आहे, आणखी काय पाहिजे?’ या प्रश्नाला उत्तर आहे: वाचक पाहिजेत.

आता एक साइट उघडा. समजा तिचा विषय ‘लाइफस्टाइल’ लिहिलाय. होमपेजवर शेवटचे वीस लेख नुसते मथळे वाचत खाली या. लग्नाच्या शालूवर एक, खालोखाल ऑनलाइन कॅसिनोवर, मग क्रिप्टो, मग दिल्लीतल्या पॅकर्स-मूव्हर्सवर, मग केस गळतीवर. कोणताही वाचक रोज सकाळी असं मासिक उघडत नाही. ही साइट लेख छापण्यासाठी नाही, लिंक विकण्यासाठी चालते, हे तिथेच कळतं.

त्यातला कोणताही एक लेख उघडा. मजकुराच्या मध्येच एखाद्या शब्दसमूहावर लिंक असेल, बहुधा ‘बेस्ट’ने सुरू होणारा कीवर्ड. त्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ दाबा आणि ‘रेल’मध्ये काय आहे ते पाहा. काहीच खूण नसेल आणि लेख उघडच कोणा कंपनीची जाहिरात करत असेल, तर ही साइट आज ना उद्या यंत्रणेच्या नजरेत येणार, कदाचित आलेलीही असेल. लेखकाचं नाव बघा. सगळे लेख ‘अ‍ॅडमिन’ने लिहिलेत का? लेखकाची माहिती असेल, तर तो माणूस इतर कुठे दिसतो का?

मग गूगलमध्ये इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला चिकटून कोलन आणि लगेच डोमेनचं नाव टाकून शोधा. हजारो लेख असल्याचा दावा आणि गूगलमध्ये मोजकी पानं, असं दिसलं तर उठून जा. वेबॅक मशीनवर, म्हणजे साइटची जुनी रूपं जपून ठेवणाऱ्या संग्रहावर, त्याच डोमेनचा जुना अवतार पाहा. पूर्वी तिथे एखादी शाळा, संस्था किंवा परदेशातलं हॉटेल असेल आणि आता केस गळतीचे लेख असतील, तर ते सोडून दिलेलं डोमेन उचललं आहे. शेवटी ट्रॅफिक बघा, तेही नुसत्या आकड्याने नाही, तर दोन वर्षांच्या आलेखाने. मध्येच कड्यावरून पडल्यासारखी रेषा असेल, तर त्या साइटला आधीच फटका बसला आहे. आणि ट्रॅफिक कोणत्या देशातून येतं? नागपूरच्या कोचिंग क्लासला ब्राझीलच्या वाचकांचा काय उपयोग?

शीटमधल्या दहा ओळी अशा तपासल्यात, की उरलेल्या शीटबद्दल विक्रेत्याला विचारायची गरज राहत नाही. माझं ठाम मत आहे, की जी यादी सगळ्यांना पाठवली जाते, ती गूगलपर्यंत पोचलेली नाही असं समजणं भोळेपणा आहे.

तिसरी पायरी: रुपयांत हिशेब

समजा एका लिंकचा दर ६,००० रुपये. १८ टक्के जीएसटी धरून ७,०८०. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिट मिळू शकतं, पण त्यासाठी विक्रेत्याने पक्कं बिल द्यायला हवं. बिल मागितल्यावर ‘यूपीआय करून टाका, बिलाचं नंतर बघू’ असं आलं, तर व्यवहार तिथेच थांबवा.

संत्र्याच्या एका पेटीमागे सगळा खर्च जाऊन तुमच्या हाती १५० रुपये राहतात असं धरू. ७,०८० भरून काढायला ४८ पेट्या जास्तीच्या विकायला हव्यात. अशा पाच लिंक घेतल्या तर २३६ पेट्या. साइटवर येणाऱ्या पन्नासांतला एक ऑर्डर देतो असं मानलं, तर त्यासाठी ११,८०० नवे लोक साइटवर यायला हवेत. रिसॉर्टला एका बुकिंगमागे ४,००० सुटत असतील तर तीच लिंक दोन बुकिंगमध्ये वसूल होते. म्हणून ‘लिंक महाग की स्वस्त’ हा प्रश्न दर पाहून सुटत नाही, तुमच्या नफ्याच्या आकड्याशी लावूनच सुटतो.

आता खरी कसोटी. गूगल ती लिंक पूर्ण दुर्लक्षित करणार असं धरा आणि फक्त माणसांचा हिशेब करा. ज्या लेखात लिंक येणार तो महिन्याला ३०० लोक वाचतात आणि शंभरातला एक क्लिक करतो, तर महिन्याला तीन, वर्षाला ३६ जण. पन्नासांतला एक ऑर्डर देतो, म्हणजे वर्षात एकही ऑर्डर धड नाही. तेच एखाद्या चालत्या, विश्वासू प्रवासविषयक साइटवर महिन्याला वीस हजार लोक वाचतात अशा पानावर जागा मिळाली, तर दोनशे जण महिन्याला येतात. तिथे पैसे देण्यात अर्थ आहे, आणि तिथे ‘स्पॉन्सर्ड’ खूण लागल्याने तुमचं काहीच बिघडत नाही.

म्हणून निर्णयासाठी मी एकच प्रश्न सुचवतो: या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ लावली तरी मी हे पैसे दिले असते का? हो असेल तर घ्या. नाही असेल तर तुम्ही जाहिरात घेत नाही आहात, गूगलच्या हिशेबात फेरफार विकत घेत आहात, आणि तो किती दिवस टिकेल हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

त्यातही प्रत्येकाची झेप वेगळी. ज्याच्या दहातल्या दोन ऑर्डर गूगलवरून येतात आणि बाकीच्या जुन्या गिऱ्हाइकांकडून, त्याला रँक घसरल्याने दुकान बंद करावं लागणार नाही. ज्याच्या दहातल्या नऊ तिथूनच येतात, त्याने ही जोखीम हातही लावण्यासारखी समजू नये. दहा वर्षं जपलेलं डोमेन असेल तर आणखीच सांभाळा, कारण नवं डोमेन पुन्हा घेता येतं, दहा वर्षं नाही.

घ्यायचीच ठरली तर

जागा जाहिरात म्हणून घ्या आणि तसं लेखी ठरवा. ईमेलमध्ये पाच गोष्टी असू द्या: लेख कोणत्या पानावर येईल, त्यावर ‘प्रायोजित’ असं वाचकाला दिसेल, लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ असेल, लेख किती काळ राहील आणि काढला तर पैशांचं काय. ‘लाइफटाइम’ या शब्दावर जाऊ नका. साइटवाल्याने डोमेनचं नूतनीकरण केलं नाही की लाइफटाइम संपला.

लिंकचा शब्द तुमच्या व्यवसायाचं नाव असू द्या. ‘बेस्ट ऑरेंज इन नागपूर’ असले कीवर्ड ठासून घेतलेल्या लिंक दुरून ओळखू येतात आणि वाचकालाही खटकतात. लिंक होमपेजऐवजी लेखाशी जुळणाऱ्या पानावर न्या. पत्त्याच्या शेवटी यूटीएम (लिंक कुठून आली ते ओळखायची खूण) जोडा, म्हणजे त्या लेखातून किती जण आले आणि किती ऑर्डर झाल्या हे अ‍ॅनालिटिक्समध्ये वेगळं दिसेल. तीन महिन्यांनी आकडे बघा आणि मगच दुसरी जागा घ्या.

त्याच पैशांत नागपुरात दुसरं काय होतं

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं, कारण इथे आपल्या हातात खूप काही आहे आणि आपण ते वापरत नाही.

संत्र्याचंच घ्या. नागपुरी संत्र्याला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आंबिया बहाराची फळं पावसाळा संपल्यावर बाजारात यायला लागतात, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडावर. पुण्याच्या ग्राहकाला हे माहीत नसतं. कोणत्या महिन्यात कोणतं फळ मिळेल, आंबिया आणि मृगाच्या चवीत काय फरक, पेटीत फळं किती दिवस टिकतात, सालीवरचे डाग कधी दोष आणि कधी नाही, हे सगळं एका पानावर, स्वतः काढलेल्या फोटोंसह लिहा. दर हंगामात कळमन्यातला भाव आठवड्याला नोंदवून ठेवा. दोन हंगामांनी तुमच्याकडे अशी नोंद तयार होईल, जी पत्रकाराला, शेतीवर लिहिणाऱ्याला, विद्यार्थ्याला वापरावीशी वाटेल. ते वापरतील तेव्हा लिंक देतील, न मागता. मजकुरात शंका असेल तर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था याच शहरात आहे. तिथल्या प्रकाशित माहितीशी पडताळून घ्या.

ताडोबावाल्यांनी गेटांवर लिहावं. मोहर्ली, खुटवंडा, नवेगाव, कोलारा, प्रत्येकाला नागपूरहून जायचा रस्ता वेगळा, निघायची वेळ वेगळी, आसपास राहायची सोय वेगळी. मंगळवारी कोअर (जंगलाचा आतला मुख्य भाग) बंद असतो, पावसाळ्यातही बंद असतो, हे न कळल्यामुळे कुटुंबंच्या कुटुंबं चुकीच्या दिवसाची गाडी ठरवतात. हे पान कोणी खऱ्या काळजीने लिहिलं, तर त्याला लिंक देणारे प्रवासी मिळतात.

बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखानदारांना तर आधीच मिळू शकणाऱ्या लिंक पडून असतात. ज्यांना माल देता, ज्यांचा माल घेता, ज्यांचे अधिकृत विक्रेते आहात, त्यांच्या साइटवर विक्रेत्यांची यादी असते. त्यात तुमचं नाव आहे का, आणि त्यावर लिंक आहे का? विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या संघटनेचे सदस्य असाल, तर तिथल्या नोंदीत साइटचा पत्ता बरोबर आहे का? एक फोन करून होणारी कामं आहेत ही.

कॉलेजच्या फेस्टला प्रायोजक होणंही चांगलं आहे, पोरांना मदत होते आणि नाव होतं. फक्त ते पैसे देऊन घेतलेलं प्रायोजकत्व आहे, तेव्हा लिंकला खूण लावायला सांगा आणि तिच्याकडून रँकची अपेक्षा ठेवू नका.

साइटवाल्यांना उलट दिशेने येणारी ऑफर

स्थानिक बातम्यांची किंवा ब्लॉगची साइट चालवत असाल, तर ‘तुमच्या साइटवर आमचा लेख टाका, दोन हजार देतो’ असे ईमेल येतातच. लेख वाचून, प्रायोजित असं लिहून, खूण लावून घेत असाल तर ठीक. खूण न लावता विकलीत, तर सर्च कन्सोलमध्ये ‘तुमच्या साइटवरून जाणाऱ्या अनैसर्गिक लिंक’ या नावाची वेगळी कारवाई असते. कॅसिनो आणि सट्ट्याच्या लेखांना तर कितीही पैसे आले तरी नाहीच म्हणा.

आधीच घेऊन बसला असाल तर

घाबरून सगळं उपटून टाकू नका. आधी सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ उघडा. तिथे काही अडचण नाही असं दिसत असेल आणि लिंक थोड्या असतील, तर पुढच्या लिंक घेणं थांबवा आणि वर सांगितलेल्या कामांना लागा. बहुतेक साइटना लिंक नाकारण्याचं टूल वापरायची गरज पडत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. इथे आणखी एक सावधगिरी. ‘तुमच्या साइटला टॉक्सिक लिंक आहेत, साफ करून देतो’ असं म्हणणारेही असतात, आणि कधी कधी ते लिंक विकणारेच असतात. टॉक्सिक स्कोअर हा त्या टूलचा अंदाज आहे, गूगलचा निकाल नव्हे. कोणत्याही साइटला न मागितलेल्या फालतू लिंक येतच राहतात.

कारवाई आली असेल किंवा तुम्ही स्वतः मोठ्या संख्येने लिंक घेतल्या असतील आणि कारवाई येण्याची भीती असेल, तर पद्धतशीर काम करा. ‘लिंक्स’ अहवालातून यादी उतरवून घ्या. जुनी बिलं, यूपीआयच्या नोंदी, विक्रेत्याच्या शीट यांच्याशी ती ताडून विकत घेतलेल्या लिंक वेगळ्या काढा. त्या साइटवाल्यांना लिहा: लिंक काढा किंवा ‘नोफॉलो’ लावा. कोणाला कधी लिहिलं, काय उत्तर आलं, ते एका शीटमध्ये ठेवा. काढण्याचेही पैसे मागणारे भेटतील. त्यांना देऊ नका, त्या साइट पुढच्या यादीत टाका.

ज्या निघाल्या नाहीत त्यांची साधी टेक्स्ट फाइल बनवा. एका ओळीत एक नोंद. आख्खी साइट नाकारायची असेल तर इंग्रजीत ‘डोमेन’, कोलन आणि जागा न सोडता साइटचं नाव. स्वतःसाठी टीप लिहायची तर ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह. फाइल दोन एमबीपेक्षा मोठी नको. ही फाइल लिंक नाकारण्याच्या, म्हणजे डिसअव्हाउ, टूलमध्ये चढवायची. ते टूल डोमेन प्रॉपर्टीवर (आख्ख्या डोमेनच्या एकत्र नोंदीवर) चालत नाही, म्हणून सर्च कन्सोलमध्ये पूर्ण पत्त्याची वेगळी प्रॉपर्टी जोडावी लागते. नवी फाइल चढवली की जुनी पुसली जाते, तेव्हा दर वेळी पूर्ण यादी द्या. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

मॅन्युअल अ‍ॅक्शन असेल तर त्यानंतर फेरविचाराची विनंती पाठवा. त्यात काय झालं ते सरळ लिहा: कोणत्या काळात, कोणाकडून, साधारण किती लिंक घेतल्या, किती काढल्या, किती नाकारल्या, आणि पुढे घेणार नाही. पत्रव्यवहाराच्या शीटची लिंक द्या. ‘आम्हाला माहीतच नव्हतं, एजन्सीने केलं’ एवढ्यावर भागत नाही, साफसफाई दिसावी लागते. लिंकच्या बाबतीतल्या विनंतीला इतरांपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, म्हणून उत्तर येईपर्यंत तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवू नका. आणि या काळात नव्या एजन्सीला काम देत असाल, तर करारात एक ओळ घाला: आमच्या लेखी परवानगीशिवाय कोणतीही लिंक विकत घ्यायची नाही आणि मिळवलेल्या प्रत्येक लिंकचा पत्ता महिन्याच्या रिपोर्टमध्ये द्यायचा.